ताशी चाळीसनं लांज्याला

जानेवारीतल्या एका शुक्रवारी पहाटे साडेपाचला आम्ही पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या फाटकातून निघालो, आणि ते सगळ्या सोसायटीला कळलं. आमच्या पिकअपला गुपचूप सुरू होणं माहीत नाही. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर स्वेटर घालून खाली आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "रत्नागिरीपर्यंत पोचेल का हो?"

"तिला विचारा," मिलिंद म्हणाला.

"गाडीला?"

"बायकोला."

त्यांनी मला काही विचारलं नाही. "जपून चालवा हं," असं मिलिंदलाच सांगून ते वर गेले. तेव्हा स्टिअरिंग माझ्या हातात होतं.

मिलिंद हायस्कूलात मराठी शिकवतो. सायकलपलीकडे त्याला काही चालवता येत नाही. मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवते, त्याला आता बावीस वर्षं झाली. ही पिकअप मी दोन वर्षांचे रविवार आणि सगळ्या सुट्ट्या घालून, नट न् नट खोलून पुन्हा उभी केली. तरीही वाटेत चहाला थांबलो की टपरीवरची माणसं मिलिंदभोवती जमायची. तोही आता सरावला आहे. "पिस्टन नवे टाकले का, साहेब?" असं कुणी विचारलं की गंभीर चेहऱ्यानं "टाकले असावेत" म्हणतो आणि लोकांचं समाधान होतं.

जीपचं तोंड, मागे फणसाच्या फळ्यांचा हौदा, आणि रंग मळखाऊ हिरवा. लाल रंग दे, फोटोत छान दिसेल, असं मला किमान दहा जणांनी सांगितलं. पण मूळ रंग हिरवाच होता आणि तो मला पाठ होता. माझ्या लहानपणी माझे वडील ही गाडी चालवत.

गाडी त्यांची नव्हती. गणपतीपुळ्याच्या अलीकडच्या एका गावातल्या बागायतदारांची होती. त्यांना सगळे अप्पा म्हणत. बाबा त्यांच्याकडे अठरा वर्षं ड्रायव्हर होते, आठवड्यातून एकदा आमच्या लांज्याजवळच्या वाडीत घरी यायचे. मी सोळा वर्षांची असताना, अशाच एका जानेवारीतल्या सकाळी, अप्पांच्या बागेच्या उतारावर गाडीचा ब्रेक लागला नाही. गडगा (दगडावर दगड रचलेली कुंपणाची भिंत) फोडून गाडी बागेत घुसली आणि हापूसची तीन कलमं मोडून थांबली. बाबांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. ते म्हणाले, पेडल दगडासारखं घट्ट झालं होतं. दुपारी मिस्त्री आला, त्यानं पेडल दाबून बघितलं, तर ब्रेक उत्तम. मग अप्पा म्हणाले, "ड्रायव्हर प्यायलेला होता."

बाबांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. बावीस प्रतिज्ञा, त्यातली दारू न पिण्याचीही, ज्यांनी वाडीतल्या पोरांकडून पाठ करून घेतल्या, त्या माणसाला दारुडा म्हणून काढून टाकलं. दारुड्या ड्रायव्हरला कोण गाडी देतो? पुढची पंधरा वर्षं ते चिरेखाणीत जांभ्याचे चिरे काढत होते. विहारात पुढच्या रांगेत बसायचे, ते मागे भिंतीला टेकून बसायला लागले. त्यांनी स्वतःची बाजू पुन्हा कधी मांडली नाही, आणि मला त्याचाच सगळ्यात जास्त राग होता.

गाडी तेव्हापासून अप्पांच्या बागेतल्या खोपटात उभी होती. अप्पा वारले, त्यांच्या मुलानं, नितीननं, ती भंगारात काढली तेव्हा मी घेतली. पुण्यात आणून मागच्या चाकाचा ब्रेक सिलिंडर उघडला तर आत पिवळट, तुपासारखा घट्ट गोळा. ब्रेक ऑइल असं होत नाही. बशीत काढून उन्हात ठेवला तर दहा मिनिटांत वितळला, आणि वास आला खवट खोबऱ्याचा. गाडीच्या ब्रेकमध्ये कुणीतरी नारळाचं तेल ओतलं होतं.

नारळाचं तेल थंडीत गोठतं हे समजायला आयटीआयला जावं लागत नाही. पहाटेच्या गारठ्यात ते नळीत गोठलं म्हणून पेडल घट्ट झालं, आणि दुपारच्या उन्हात वितळलं म्हणून मिस्त्रीला ब्रेक उत्तम वाटला. मी फरशीवर बसले आणि बराच वेळ रडले. मग हात धुतले आणि ठरवलं की गाडी पूर्ण करायची, चालवत कोकणात न्यायची, तेल कुणी ओतलं ते अप्पांच्या घरच्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं, आणि रविवारी सकाळी आमच्या विहारात सगळ्यांसमोर ते ऐकवायचं. बाबा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. उशीर करण्यात अर्थ नव्हता.

तर असा हा आमचा प्रवास, ताशी चाळीसनं. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेला वेग नसतो हे कुणी सांगत नाही. खंबाटकीच्या चढावर रेडिएटर उकळला. बॉनेट उघडून थांबलो तर मागून येणाऱ्या चार गाड्या थांबल्या. मदतीला नव्हे, फोटोला. एका मुलीनं माझ्या हातातली पाण्याची बाटली घेऊन बॉनेटला टेकून फोटो काढून घेतला आणि "किती साधं आयुष्य होतं ना तेव्हा!" असं म्हणून बाटली परत दिली.

मलकापूर सोडलं आणि आंबा घाट आला. घाटात पहिला गिअर टाकून उतरायचं, ब्रेक राखून ठेवायचा, हे बाबांचं शिकवणं. मागे एसटी हॉर्न वाजवत होती, तिच्या ड्रायव्हरनं ओव्हरटेक करताना खिडकीतून मिलिंदला सलाम ठोकला. मिलिंदनं तो मोठ्या मनानं स्वीकारला. घाट संपला, हवा दमट झाली, लाल माती आणि काजूची झाडं दिसायला लागली, आणि माझे खांदे आपोआप खाली आले.

रत्नागिरीत पोचेपर्यंत दिवस मावळला होता. लॉजजवळच्या खाणावळीत तळलेला बांगडा, तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी मिळाली. खाणावळवाल्या बाईंनी एकदाही मिलिंदला काही विचारलं नाही. "गाडी तुमचीच काय? आवाजावरनं वाटला कोन तरी बाईच हाकवताय," त्या मला म्हणाल्या.

"आवाजावरून कसं कळलं?"

"गियर बदलताना कुरकुरला नाय. बापये दांड्याशी भांडत बसतत."

इतकं खरं कौतुक मला दोन वर्षांत मिळालं नव्हतं. मी आणखी एक भाकरी घेतली.

सकाळी लवकर निघालो. अप्पांच्या घरी काय बोलायचं ते मी मनात घोकत होते, आणि प्रत्येक वेळी ते भाषण आणखी जोरदार होत होतं. समुद्राच्या कडेचा रस्ता चांगला होता, उजवीकडे सडा (जांभ्याचं उघडं पठार) आणि डावीकडे निळं पाणी. मिलिंद "बघ, बघ" म्हणत होता. मी काही फारसं बघितलं नाही.

अप्पांच्या जागी आता नितीननं पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आहेत. पाटीवर 'अस्सल कोकणी अनुभव' असं लिहिलंय आणि अंगणात बैलांशिवायची बैलगाडी उभी आहे. गाडीचा आवाज ऐकून तो धावत आला आणि मिलिंदचा हात हातात घेऊन म्हणाला, "काय काम केलंय तुम्ही! ही आमचीच ना? परत देणार का? बैलगाडीच्या बाजूला उभी करू, लोक वेडे होतील."

"खोपटात होती तेव्हा कोंबड्या वेड्या झाल्या होत्या," मी म्हणाले. तो हसला. माणूस वाईट नव्हता. अपघात झाला तेव्हा तो कॉलेजला मुंबईत होता.

अप्पांच्या पत्नी, काकू, पडवीत बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, पण डोळे स्वच्छ. त्यांनी मला ओळखलं, आत बोलावलं, माजघरात खुर्चीवर बसवलं आणि नक्षीच्या कपातून चहा दिला. बाबांचा कप पडवीच्या बाहेर वेगळा, वळचणीला उपडा ठेवलेला असायचा. लहानपणी सुट्टीत बाबांकडे यायचे तेव्हा तो मी धुतलेला आहे. तीस वर्षांत काहीच बदललं नाही असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, आणि सगळं बदललं म्हणणाऱ्यांनी हे की मला तो कप लगेच आठवला.

माझं घोकलेलं भाषण सुरू करायच्या आधीच त्या म्हणाल्या, "तेलाचं विचारायला आलीस ना गो?"

मी कप खाली ठेवला आणि हो म्हणाले.

"मीच काढून दिलं. ब्रेकचं तेल संपत आलंय, आणायला हवं, असं तुझ्या बाबांनी आदल्या दिवशी सांगितलेलं. हे म्हणाले, तेवढ्यासाठी रत्नागिरीस कोण जाणार? तेल ते तेल. घरात घाण्यावरचं ताजं आलेलं. संध्याकाळी ह्यांनी स्वतःच्या हातानं ओतलं. बाबा तेव्हा जेवायला गेलेले."

"तुम्हाला कळलं कधी?"

"दुसऱ्या दिवशीच. न्हाणीघरातली बाटली गोठलेली बघितली न् लक्षात आलं. ह्यांनाही सांगितलं."

"मग दारूचं कुठून आलं?"

"ते ह्यांनी काढलेलं. तीन कलमं मोडली होती, आपल्याच हातानं मोडली असं कोण म्हणेल? मी गप्प बसले. तेव्हा बोलायची पद्धत नव्हती आमच्यात. आता बोलायला हरकत नाही, तर विचारणारं कुणी नव्हतं."

मी विचारलं, हे फोनवर रेकॉर्ड करू का. त्यांनी पदर सारखा केला. "कर. नाव घेऊन बोलते, म्हणजे उगाच कुणाला शंका नको." आणि त्यांनी सगळं पुन्हा, पहिल्यापासून, न अडखळता सांगितलं. नितीन दाराशी उभा होता. मग तो अंगणात जाऊन बैलगाडीच्या चाकावर बसला.

आम्ही उठलो तेव्हा काकूंनी फडताळातून एक बाटली काढून माझ्या हातात दिली. "ने हो बाबांना. घरच्याच नारळांचं आहे. गुडघ्यांना चोळायला बरं." मी बाटलीकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. मी ती घेतली आणि मिलिंदच्या मांडीवर ठेवली.

काकू जेवायला थांबा म्हणत असतानाही मी थांबले नाही. डोकं तापलं होतं. तीस वर्षं! एका बाटलीसाठी आणि तीन झाडांसाठी तीस वर्षं! हातखंब्याला महामार्गाला लागलो, पालीच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, एकदा इकडून वळवायचे, एकदा तिकडून. मिलिंद म्हणाला, "जरा हळू." ताशी चाळीसच्या गाडीला कुणी जरा हळू म्हणावं, यातच माझी अवस्था समजून घ्या. मी बहुधा ताशी पन्नासनं जात होते.

दुपारी तीनच्या सुमारास वाडीत शिरलो. आई दारात आली, गाडीकडे बघून म्हणाली, "हिला आनलास ती आनलास, उबी कुटं करनार?" बाबा काठी घेऊन अंगणात आले. या क्षणाची चित्रं मी दोन वर्षं मनात रंगवली होती. त्यांचे डोळे भरून येतील, ते बॉनेटवरून हात फिरवतील, वगैरे.

त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "सीटला कापूस भरलास काय? हिच्यावर बसून कंबर गेली माजी," म्हणाले. मग मागच्या डाव्या चाकाशी थांबले, काठीवर भार देऊन वाकले आणि आतल्या बाजूला बोट लावलं.

"ह्या ओला कसला?"

मी वाकून बघितलं. चाकाच्या आतून तेलाचा एक ओघळ आला होता.

"पायाखालचा झाकान उगड," बाबा म्हणाले.

या जुन्या गाड्यांत ब्रेक ऑइलची डबी बॉनेटखाली नसते, ड्रायव्हरच्या पायाखाली, फळीतल्या एका झाकणाखाली असते. मी झाकण उचललं. तेल तळाला गेलं होतं. आणखी वीस-पंचवीस किलोमीटर, आणि वाटेत एखादा उतार, तर पुढचं सांगायला नको.

"सकाळी उगडून बगितला हुतास?"

"नाही."

"काल?"

"काल बघितलं होतं. आज राहिलं." मी खाली मान घालून म्हणाले. दर वर्षी जूनमध्ये नव्या बॅचला मी फळ्यावर पहिलं वाक्य लिहिते: गाडी काढण्यापूर्वी तेल तपासा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

विषय बदलायचा म्हणून नव्हे, पण मला राहवेना. मी फोन काढला आणि तिथेच, गाडीच्या पायरीवर बसून, त्यांना काकूंचं बोलणं ऐकवलं. ते शेवटपर्यंत काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. मी म्हणाले, "बाबा, उद्या विहारात सगळ्यांना ऐकवू."

"ता मला ठाव हाय," ते म्हणाले.

"काय?"

"तेल घातलान ता. दुपारी मिस्त्री पेडल दाबीत हुता तवा खोबऱ्याचा वास आला. तवाच कळला."

"मग बोलला का नाहीत? तीस वर्षं?"

"बोल्लो असतो तर पयला काय इचारला असता? ड्रायवरा, सकाळी झाकान उगडून बगितला हुतास का?" ते माझ्याकडे न बघता चाकाकडे बघत राहिले. "न्हवता बगितला. थंडी हुती, आळस केला. अठरा वर्सात त्या येकाच दिवशी. उगडला असता तर वास आला असता, गोठलेला दिसला असता. दारुडा म्हनाले ता मला सोसला गो. मी प्यायलो न्हवतो, माजा मला ठाव हुता. पन न बगता गाडी काडली असा कोन बोल्ला असता, तर ता नसता सोसला. ता खरा हुता."

आई दारातून आत गेली. तिलाही हे नवीन होतं, असं तिच्या पाठीवरून वाटलं. मला आधी त्यांचा राग आला, मग माझा, मग कुणाचाच येईना. गाडीच्या पायरीवर आम्ही दोघं बसून राहिलो, दोघंही न बघता गाडी काढलेले.

"मग उद्या ऐकवू की नको?" मी विचारलं.

"ऐकव. पन मग माजा पन सांग. दोनी सांगनार नसलीस तर कायच नको."

मिलिंदला रिक्षानं लांज्याला पाठवलं. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा गाडीचं काही विकत आणलं, ब्रेक ऑइलचा एक डबा आणि चाकातल्या सिलिंडरचे रबर. बाबांनी डब्यावरचं लेबल चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि मगच झाकण काढू दिलं. मी रबर बदलले, ते बाजूला स्टुलावर बसून मी हात पुढे करीन तसे पाने देत होते. मागितलेला पाना एकदाही चुकला नाही. संध्याकाळी त्यांनी गाडी आमच्या वाडीच्या रस्त्यावर, विहारापर्यंत आणि परत, स्वतः नेली. मी बाजूला बसले होते. सीटबद्दल त्यांनी जाताना आणि येताना दोन्ही वेळा तक्रार केली.

रविवारी विहारात वंदना झाली. बाबा नेहमीसारखे मागे भिंतीला टेकून बसले होते. माझा फोन पर्समध्ये होता. दोन्ही सांगायचं तर त्यांच्या देखत दुसरं सांगण्याची माझी हिंमत झाली नाही, आणि एकच सांगायची परवानगी नव्हती. मी फोन काढला नाही. दुपारी आम्ही परत निघालो.

पुण्याला पोचलो तेव्हा पहिल्या मजल्यावरचे इंजिनियर मिलिंदला म्हणाले, "केलीत की कमाल!" ओळखीची माणसं अजून विचारतात, वडिलांना किती आनंद झाला असेल ना? मी हो म्हणते. मला तीस वर्षं वाटत होतं की माझ्या बापावर एक खोटा आळ आहे आणि तो मी काढून टाकणार आहे. तो आळ त्यांनी पांघरूण म्हणून जवळ ठेवला होता, आणि मी ते ओढायला निघाले होते. तरी पांघरूण त्यांचं होतं म्हणून अप्पा सुटत नाहीत, हेही मला सांगायचं आहे. माणसाचं नाव वाईट करणं हा गुन्हाच. फक्त न्याय घेऊन जाणाऱ्यानं समोरच्याला काय काय सांगावं लागेल, याचा मी विचार केला नव्हता.

मग मी बाबांना फोन करून विचारलं, लिहू का? ते म्हणाले, "लिव. पन दोनी लिव." म्हणून हे लिहिलं. काल पूर्ण झाल्यावर त्यांना फोनवर वाचून दाखवलं. मध्ये त्यांनी एकदाही अडवलं नाही.

संपल्यावर ते म्हणाले, "तुजा पन लिवलास ना? तू पन बगितला न्हवतास ता?"

लिहिलंय.